रिकामं वजन

जालन्याच्या एमआयडीसीत, भंगाराच्या ट्रकांच्या रांगेशेजारी,
वजनकाट्याच्या केबिनमध्ये
कुशावर्ता खरातांसमोर मी प्रश्नावली उघडली.
साठ विधानं. प्रत्येकापुढे पाच चौकोन,
पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत.
भाषांतर माझंच, दोन प्राध्यापकांनी तपासलेलं.
तीन आठवड्यांनी तेच विचारलं तर
माणसं बहुतेक तेच सांगतात,
हे मी आकड्यांत सिद्ध केलं होतं
आणि मला त्या आकड्याचा थोडा गर्व होता.

पहिलं विधान: मी सहसा शांत असते.
"कुनाम्होरं?"
मी म्हटलं, सर्वसाधारणपणे.
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या,
जणू सर्वसाधारणपणे नावाचा कुणी ड्रायव्हर
अजून गाडी काट्यावर चढवायचा होता.

मग म्हणाल्या, "डायवर उतरला का न्हाई, ते आदी बगावं लागतं.
सत्तर किलोचा मानूस आत बसून ऱ्हातो
आन् लोखंडाच्या भावात इकला जातो."

सतरावं विधान: मी आयुष्यात कधीही खोटं बोललेले नाही.
हा आमचा सापळा. 'पूर्ण सहमत' म्हणणाऱ्यांना
आम्ही हलकेच बाजूला काढतो.
त्यांनी पेन टेकवलंही नाही.
"कालच बोलले. सासूला म्हनलं, पोटभर जेवले."
मला माझ्या हातातल्या खोबऱ्याच्या तुकड्याची लाज वाटली.

दुपारी रांग ओसरली तेव्हा मी सांगत बसले:
काहींच्या मते स्वभाव पक्का असतो,
काही म्हणतात प्रसंग बदलला की माणूस बदलतो,
आणि काही जण माणसाला विचारतच नाहीत,
शेजाऱ्यांना विचारतात.
"शेजारीन जाऊ हाय माझी," त्या म्हणाल्या. "तिला नका इचारू."
मग जरा थांबून,
"सरकी भिजली की गाडी जड भरती. गाडी तीच ऱ्हाती."

गर्वाचा आकडा मी त्यांनाही सांगितला.
"म्हंजी दोनदा तोललं तरी तेच येतं?"
हो.
"बिघडलेला काटा बी दोनदा तेच दावतो, ताई."

सत्तेचाळीस: मला लोकांमध्ये मिसळायला आवडतं.
इथे त्या अडल्या.
हॉर्न वाजला, त्यांनी बटण दाबलं,
पावती फाडली, सुटे मोजून दिले, परत बसल्या.
पुन्हा एक गाडी.
शेवटी पेनाने एक ठिपका दिला,
चौकोनात नाही,
'सांगता येत नाही' आणि 'असहमत' यांच्या मधल्या
पांढऱ्या जागेत,
जिथे मी काहीच छापलं नव्हतं.
का, ते मी विचारायला हवं होतं.
माझ्याकडे अजून तेरा विधानं होती.

निघताना त्यांनी माझी स्कूटी काट्यावर घ्यायला लावली.
एकशे ऐंशी.
"आता उतरा."
एकशे दहा.
पावतीवर त्यांनी मालाच्या रकान्यात हाताने लिहिलं: बाई व कागद.
निव्वळ सत्तर.
त्यात कागदांचे किती, माझे किती?
काटा दहा किलोच्या खाली बोलत नाही.

सर म्हणाले, ठिपका म्हणजे रिकामी जागा,
तिथे सरासरी भरून टाका,
तीनशे बारा जणांत एका ठिपक्याने काय होतंय.
एकाच माणसावर प्रबंध होत नाही,
हेही म्हणाले, आणि तेही खरंच आहे.
मी भरलं. तीन पूर्णांक चार.
संगणकाने कुरकुर केली नाही.

प्रबंधाला सात परिशिष्टं आहेत,
त्यांत ही पावती कुठेच नाही.
ती माझ्या पाकिटात आहे, शाई उडत चाललीय.
भरलेली गाडी अजून वाचता येते.
रिकामी गाडी
उन्हात तिरकी धरावी लागते.