उरलेले चार तास

माझ्याही पायाखाली एक ब्रेक असतो,
शिकवणाऱ्याचा. डावीकडे बसून
एकोणीस वर्षं तो दाबत आलोय
स्पॉल्डिंगच्या गल्ल्यांत, कोबीच्या शेतांमधून.

डोमांतास पहिल्याच परीक्षेत पास झाला.
विम्याचा आकडा आला तेव्हा त्याची आई म्हणाली,
"गाडीपेक्षा विमा महाग? असं कसं?"
अठराचे मुलगे, रात्र, गावाबाहेरचे रस्ते,
एवढं बोलून मी थांबलो.
कंपनीने पुढचं आधीच मोजून ठेवलं होतं
आणि दरमहा हप्त्याने मागत होती.

लिंकनशरची ही जमीन समुद्राकडून उसनी घेतलेली.
रस्ता दिसतो सपाट,
पण खालची माती आक्रसते, डांबराला पोक येतं.
दोन्ही अंगांना पाण्याचे चर. कठडा नाही.
मैलभर नाकासमोर चाललेला रस्ता
कुणाच्या तरी पणजोबाच्या बांधाला मान देऊन
काटकोनात वळतो.
हे मी त्याला दाखवलं होतं.
दिवसा. ताशी तीसने. गाडीत आम्ही दोघंच.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी चौघं होते,
मांडीवर चिप्स, व्हिनेगरचा वास, मोठ्याने गाणं.
पाणी कमरेएवढंच होतं.
गाडी उलटी.

फेब्रुवारीत ती दारात उभी.
हातात पावती, शेवटच्या दहा तासांची,
त्यातले सहा वापरलेले.
मी पाकीट आणायला आत वळलो.
"पैसे नकोत. तास द्या.
पॅकहाउसची पहाटेची पाळी आहे,
बस नाही. तो सोडायचा मला."

आता ती सीट दोन खाचा पुढे ओढून बसते.
क्लच सोडताना इंजिनाला
लिथुआनियन भाषेत काहीतरी समजावते.
ट्रॅक्टरमागे आम्ही रांगतो, ओव्हरटेक कर असं मीही म्हणत नाही,
आरशात रांग वाढत जाते, कुणी हॉर्न देतं.

काल, तिसऱ्या तासाला, ट्रॅक्टर शेतात वळला,
रस्ता रिकामा झाला,
आणि मागून एक निळी गाडी सुसाट आम्हाला ओलांडून गेली.
मागच्या काचेवर हिरवं पी, नवं कोरं.
तीन डोकी. की चार?
गाडी ठिपका होईतो ती बघत राहिली.

मग तिने ब्रेक दाबला, जोरात,
आम्ही दोघं पट्ट्यात पुढे झुकलो.
आमच्यापुढे काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "आरसा बघून, हळूच."
तिने मान हलवली.
गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली.