सात मिनिटं

रायबंदरला खोली बघायला गेले
तेव्हा मी आधी दारं मोजली.
दोन. मागचं चिंचेखाली उघडतं.
नळ नंतर पाहिला.

फेरीबोटीवर दोर टाकणाऱ्या रोहिदासला सांगून ठेवलंय,
सगुण चोडणहून चढला तर मला कळव.
बोलू नकोस काही, नुसता मिस कॉल.
नदी ओलांडायला बोटीला सात मिनिटं,
धक्क्यापासून माझ्या दारापर्यंत चार.
तेवढ्यात चपला, कागदांची पिशवी,
आईच्या साखरेच्या गोळ्या, आई.
दोनदा सराव केला आम्ही.
दुसऱ्यांदा आई हसली
आणि मग उठून भात लावला.

त्या रात्री तो आडोळी घेऊन उभा होता
पण ओरडत नव्हता. हे कुणाला पटत नाही.
हळू विचारत होता,
माझी बहीण कुठे ठेवलीस?
तिचा चेहरा काढ.
मी म्हटलं, सगुणा, अरे मीच.
तसं म्हणायचं नसतं,
बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं.
वाद घालायचा नाही. हात दिसतील असे ठेवायचे.
दार आणि आपण यांच्यामध्ये त्याला येऊ द्यायचं नाही.
कुठल्या शाळेत शिकवतात हे?
डाव्या हाताला चौदा टाके.

वाड्यावर म्हणतात, सख्ख्या भावावर पोलीस घातले.
म्हणतात, देवाचं काही राहिलंय, कौल घ्या.
घेतला होता. देवानं उजवा दिला.
गोळ्या मात्र सगुणनं खाजनात फेकल्या,
मानशीच्या दाराशी.
खेकड्यांनी खाल्ल्या असतील,
ते तरी शांत झाले असतील.

आता घरात तो एकटा.
शेजारची फिलू कुंपणावर पेजेचं भांडं ठेवते
आणि कालचं रिकामं मागत नाही.
त्याला दाखल करून घ्या म्हणून
मॅजिस्ट्रेटकडे माझा अर्ज आहे.
नात्याच्या रकान्यात मी लिहिलं, बहीण.
त्यानं वाचलं असतं तर खोडलं असतं.

गेल्या मंगळवारी फोन वाजला. एकदाच.
मागचं दार, चिंच, गल्ली,
चर्चच्या पायऱ्या, जिथून धक्का दिसतो.
बोट लागली. स्कूटर उतरल्या,
टोपल्या घेऊन बायका उतरल्या.
तो कठड्याला धरून तसाच.
दाढी वाढलेली.
अंगात बाबांचा पांढरा सदरा, उलटा घातलेला.
उतरला नाही.
रोहिदासनं आमच्याकडे न बघता दोर सोडला.

आईनं हात वर केला, हलवायला.
मी तो धरून खाली आणला.
इतका जोर त्या मनगटात असेल
असं वाटलं नव्हतं.

बोट मधोमध पोचली तरी
मी घड्याळच बघत होते.
सात मिनिटं जायला.
पलीकडे थांबते किती, ते कधी मोजलंच नव्हतं.