शेरा

आधी उजेडात धरायची, मग रंग सांगायचा.
वरचा झगमगाट हा नुसता मुलामा:
रस्त्यावरच्या पाण्यात डिझेल सांडावं,
पारव्यानं मान वळवावी, तसा.
खरा रंग बुडाशी.
बूड आभाळाकडं कर, एक डोळा मीट
आणि बघ, काच मुळात निळी
की पांढरीवर काकवी फासलेली.

हे मला दस्तगीर मणेरनं शिकवलं,
लक्ष्मीपुरीत, रविवारी,
गोणपाटावर मांडलेल्या भंगारापुढं उकिडवं बसून.

मी उद्यमनगरात एकतीस वर्षं इन्स्पेक्टर.
कास्टिंग टांगायचं, हातोडीनं हलकं ठोकायचं.
घणघणलं तर पास.
बद्द वाजलं तर लाल फुली.
नखांच्या कडेचा तो लाल रंग
रिटायर झाल्यावरही दोन महिने गेला नाही.

त्याचं दुकान बांगड्यांचं, पापाच्या तिकटीजवळ.
डझनभर बांगड्या बोटांत घेऊन खुळखुळवायचा
आणि तडकलेली एक
न बघता बाजूला काढायचा.
फुटली, असं कधी म्हणाला नाही. वाढली म्हणायचा.
"कान लाव. काच खोटं बोलत न्हाई,
इकणारा बोलतोय."

कडेवरून नख फिरवायचं, सावकाश;
टवका डोळ्याआधी नखाला लागतो.
साच्याची रेघ सरळ जाते,
तडा वाट चुकतो.
कड फारच गुळगुळीत लागली तर संशय घ्यायचा:
कुणीतरी टवका घासून दडवलाय,
जोडीच्या ग्लासाशेजारी ठेव, सूतभर बुटका निघेल.
आत धुरकट पांढरं बसलं असेल
तर चिंच नको, लिंबू नको,
ती काच आजारी. ठेव खाली.

असे बावीस ग्लास, चार बाऊल, एक मासा
माझ्या कपाटात आहेत,
आणि एक वही:
वस्तू, रंग, नाद, कड, मुलामा, शेरा.

मग तो हात आला.
गडहिंग्लजकडच्या एका पोरानं पोत्यातून काढला,
वीतभर काचेचा हात, मनगटावर उभा,
मुठीत फुलदाणी,
आणि मनगटाभोवती साच्यातूनच आलेल्या
तीन बांगड्या.

नाद: चांगला. बूड: पांढरं.
कडेला दोन टवके, एक जुना, निस्तेज,
एक कालपरवाचा, बोट कापेल असा.
मुलामा सगळीकडं शाबूत,
फक्त बोटांवरून उडालेला.
पाचही बोटं उघडी, नुसती काच.
फळीवरच्या वस्तूची अशी झीज होत नाही.
फळीवरची वस्तू बुडाला झिजते.

"कोण धरत होतं रे हा हात?" मी विचारलं.
"धरतंय कशाला? आत्ती राखंनं घासायची.
बेचक्यात धूळ बसती म्हणून. रोज."

दस्तगीरनं हात माझ्याकडून घेतला,
गिऱ्हाइकाचा घेतो तसा,
अंगठ्याच्या सांध्यावर जरा दाबून पाहिला.
"अडीचची बसंल," म्हणाला,
"पण भरायची कशी? बाई मूठ सोडंना."

आताशा त्याला ऐकू येत नाही फारसं.
मशीन खिशात ठेवतो, कानात घालत नाही.
त्यानं फुलदाणीची कड हनुवटीच्या हाडाला टेकवली,
नखानं टिचकी मारली
आणि डोळे मिटून थांबला,
नाद संपला तरी थांबला.
पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.

"पास," म्हणाला. माझा शब्द.

पोरानं आठशे सांगितले, पाचशेला दिला.
बिनामुलाम्याच्या बोटांना कोण देतं पाचशे?
माझ्याच नियमांनी हा माल रिजेक्ट.

रात्री वही उघडली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: झीज, राखेची.
खोडलं.
झीज, आत्तीची. तेही खोडलं,
वहीत नाती लिहायची नसतात.
कपाटाची काच सरकवली, बॅटरी मारली.
बावीस ग्लास एकदम मोरपिशी पेटले,
तो हात तेवढा साधा, पाण्यासारखा, मधोमध.

मग लिहिलं:
बांगड्या तीन.
एकही वाढलेली नाही.