फेफो पाण्यापाशी अडतो

न्ताते सेखोन्याना म्हणाला, आधी तो चाबूक दे इकडे.
मग खोगीर उतरव. खालून हात फिरव, सावकाश,
निजलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवतेस तसा.
दुखतंय कुठे? नाही.
दात बघितलेस? बघितले.
"मग दुखणं नदीत आहे."
आणि घोंगडी सावरून पाइप पेटवत बसला.

लसींची पेटी पाझरत होती.
मालुतीच्या पलीकडल्या उतारावर अकरा बाळं, अकरा आया,
आणि हा कान पाडून, खूर रोवून.
टाच मारली, तर गिरकी घेऊन घराकडे.

"दोन्ही लगाम ओढू नकोस. ताकदीत हरशील.
एकच ओढ. मान वळली की अंग वळतं.
तोंड पाण्याकडे कर, आणि सोड.
काही मागू नकोस.
नुसता उभा राहिला, तेवढ्याला शाबास म्हण."

लोक म्हणतात उतरू नये, उतरलं की घोडा जिंकला.
म्हातारा थुंकला. जिंकून काय करणार तो,
दुकान काढणार?

उतरले. बूट काढले.
घोट्यांची हाडं वाजावीत इतकं गार पाणी.
मध्यावर आल्यावर आठवलं,
तीन आठवड्यांपूर्वी, लोंढ्यात, इथेच
मी त्याच्या आयाळीत नखं रोवली होती,
श्वास धरला होता.
तो अजून सोडलेला नव्हता.

सोडला.

मागे फेफोनं पाणी हुंगलं,
फुरफुरला,
पुढचा एक खूर घातला. काढला.

बर्फ निम्मं उरलं होतं.
मी उभी राहिले.