पट

तांदूळ मोजला की मला गाव कळतं.
पोरामागं शंभर ग्रॅम, सरकारी हिशेब.
अक्षरदासोहात लागले तेव्हा सात किलो चढायचा,
ढवळायला वल्हंच हवं असं पातेलं.
मग चार. मग अडीच.
शेवटी अकरा पोरं उरली,
अकरा जणांचा भात त्या पातेल्यात
तळालाच करपायचा.

मेलं कुणी नव्हतं.
घराघरात एकेकच पोर,
तेही शिकून लांब गेलं.
किल्लेकरांचा न्यूझीलंडात म्हशी नाही, गाई पिळतो.
माझी ज्योत्स्ना जर्मनीत, नर्स.

दोन साहेब आले, कन्नडात म्हणाले,
शाळा शेजारच्या गावात मिसळा.
मुतगेकर गुरुजींनी मराठीत मान हलवली.

इकडं उद्यमबागेत फौंड्रीला माणूस मिळेना.
आमच्यातलं कोण उभं राहतंय आता भट्टीपुढं?
मच्छ्याच्या माळावर पत्र्याची लाईन उठली
आणि जूनमध्ये दारात सुकांती बिडिका,
दोन हातांना दोन लेकरं.
"गाव कुठलं?"
"रायगडा."
गुरुजी खुर्चीतून उठलेच!
नकाशात बघितलं तर हा निराळा,
ओडिशातला, पार पलीकडं.
पण उठलेले गुरुजी बसले नाहीत,
उभ्यानंच पटावर नावं घातली.

आता साडेतीन किलो.
तिचा लिपुन 'ळ' म्हणतो आमच्या पोरांहून स्वच्छ,
त्यांच्यातही आहे म्हणे ते अक्षर.
आमची हयात एका रेघेपायी गेली,
मोर्चे, ठराव, तारखा.
तो रेल्वेत झोपला होता,
त्याला कुठं रेघ लागली नाही.

रात्री ज्योत्स्ना फोनवर तिचा वृद्धाश्रम दाखवते.
भिंतीला खुंट्या, कमरेइतक्या उंचीवर.
"आई, ही शाळा होती. गावातली पोरं संपली."
नव्वदीचा म्हातारा तिचा हात धरल्याशिवाय
घास घेत नाही.
तिच्या पैशातनं माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
सुकांतीच्या पैशातनं तिच्या आईच्या घरावर स्लॅब पडला.
आईजवळ कोण असतं,
मी तिला विचारलं नाही.
तिनंही मला विचारलं नाही.
दोघी मिळून पातेलं उतरवलं.

आमच्या शाळेला खुंट्या नाहीत,
दप्तरं खिडकीच्या गजाला.
उद्या लाईनीतली आणखी दोन यायची आहेत.
दोनशे ग्रॅम जास्त.
गुरुजींना सांगायला पाहिजे,
सुतार बघा म्हणून.