व्हिएन्नाला निघालेल्या तिडके साहेबांसाठी

तिडके साहेब,
गाडी रात्री अडीचला पाथर्डी फाट्यावर उभी राहील.
ड्रायव्हर भगीरथ. कसारा घाटात त्याला बोलतं ठेवा;
तो झोपत नाही कधी, पण तुम्हाला धीर येईल.

निळ्या फायलीत सगळं क्रमाने लावलंय:
विमा, हॉटेल, निमंत्रणपत्र, बँकेचा शिक्का.
फाइल बॅगेच्या तळाशी घालू नका.
आहेरांनी घातली होती,
आणि भर रांगेत, अधिकाऱ्यासमोर,
बनियनपर्यंत सगळं बाहेर आलं.

तिथे टॅक्सी नको, रेल्वे आहे.
कागदी तिकीट डब्यात सरकवून छाप उमटवायची,
फलाटावर शिरण्याआधी.
कुणी बघत नाही. म्हणूनच उमटवायची.
पुढे लाल रेघेची मेट्रो, डॅन्यूब ओलांडली की उठून तयार राहा.
सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं,
डावी बाजू घाईवाल्यांची.
परत आल्यावर द्वारका चौकात हा नियम लावायला जाऊ नका.

पाणी मागताना सांगा, बुडबुडे नकोत.
निकमांनी नाही सांगितलं;
तीन दिवस ढेकरा दाबत भाषणं ऐकली.
खरं तर नळाचंच प्या. डोंगरातून येतं म्हणे.
आपलंही गंगापूर धरणातून येतंच की,
फक्त मधे टँकर लागतो कधीकधी.
परिषद पाण्याची आहे आणि आपण व्हॉल्व्ह विकतो,
तेव्हा हे वाक्य तिथे बोलू नका.

कॉफीच्या सुट्टीत सगळे घोळक्याने उभे राहतात,
पाठीला पाठ लावून, किल्ल्यासारखे.
तुमच्या हातबॅगेत मनुकांच्या आठ पुड्या ठेवल्यात.
कार्डाआधी मनुका पुढे करा.
कार्ड खिशात जातं. मनुका तोंडात जातो,
आणि तोंड चालू असेपर्यंत
माणूस निदान जागचा हलत नाही.

रविवारी दुकानं बंद. घरच्यांचं शनिवारीच घ्या.
जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो,
करमणार नाही. पण फोन लावू नका,
इथे तेव्हा साडेबारा झालेले असतात
आणि वहिनींना सकाळचा डबा असतो.

काल कप ठेवता ठेवता विचारलंत,
"मॅडम, तुम्ही किती वेळा गेलात?"
मी स्टेपलर शोधत होते.

सतरा वर्षांत एकोणतीस जण पाठवले या टेबलावरून.
अंबडच्या या खिडकीतून मालाचे ट्रक दिसतात,
आणि परतलेल्या प्रत्येकाची बिलं मी चिकटवते.
तिकिटावर वेळ असते,
हॉटेलच्या बिलावर गल्लीचं नाव,
औषधाच्या पावतीवरून कळतं कुणाला थंडी बाधली.
सगळं शहर असंच जोडत गेले.
चढ कुठे आहे, उतार कुठे,
तेवढं पावतीत येत नाही.

मागच्या खेपेला आयोजकांनी
बिल्ला माझ्याच नावाचा छापला,
पत्रव्यवहार सगळा माझ्या सहीचा ना.
भामरे घेऊन आले, हसत हसत दिला.
वैजयंती कापडणीस, भारत. हिरवी पट्टी.
तीन दिवस तिथल्या टेबलावर पडून होते मी,
मागे खोचलेली जेवणाची कुपनं तशीच कोरी.
ती पट्टी आता कपाटाच्या किल्लीला आहे.
फाइल काढायला गेले की गळ्यात घालते,
हात मोकळे राहतात.

एक काम होतं, साहेब. जमलं तर.
शेवटचं भाषण संपलं की नदीवर जा.
घाट नाहीत म्हणतात तिथे.
मग लोक पाण्याजवळ बसतात कसे?
आपल्या गंगेवर पायरी असते, पाय सोडता येतात,
तिथे पाय कुठे सोडतात?
एकोणतिसांपैकी कुणालाच सांगता आलं नाही.
तेवढं बघून या. त्याची पावती लागणार नाही.

बोर्डिंग पास मात्र फेकू नका. दोन्हीकडचे.