सात सक बेचाळीस

ह्राच सात चोकपर्यंत नीट येतो.
पुढे गप्प.
जिन्याची पायरी तुटलेली असावी तसा थबकतो.

"मठ्ठ आहे," तोनोयान सर म्हणाले
आणि हजेरीपट मिटला.

मठ्ठ कसा?
इंजिनाच्या आवाजावरून हा मुलगा सांगतो
बापाने आज किती प्यायली.
किल्ली कुलपात एकदा चुकली
तर बहिणीला पलंगाखाली ढकलायचं,
दोनदा चुकली तर आपणही जायचं,
तीनदा चुकली तर भ्यायचं कारण नाही,
बाप दारातच झोपतो.
हा पाढा कुणी शिकवला नाही त्याला.
तोंडपाठ आहे.

मार्चमध्ये येरेवानहून एक बाई आल्या,
ग्युम्रीतल्या आम्हा सगळ्या शिक्षकांना
पडद्यावर मेंदू दाखवला, उभा चिरलेला.
आत बोट ठेवलं : हा बदाम. भीती इथे जागते.
लहानपणी रोज तिला हाक मारली
तर ती झोपायचं विसरते,
आणि शेजारच्या खोलीत, जिथे पाढे राहायचे,
तिथलं सरपण स्वतःच जाळत बसते.
मला वाटलं, बदाम कसला,
जर्दाळूच्या बीतली कडू गिरी असणार.

बाईंनी विचारलं, काही शंका?
मी वही बंद केली.

मी नऊ वर्षांची होते. डिसेंबर. अकरा एकेचाळीस.
फळ्यावर भागाकार होता, बाकी काढायची राहिली होती.
फळा गेला. भिंत गेली. शेजारची नाझिक गेली,
माझं खोडरबर तिच्या मुठीत.

आता रक्तदाबाच्या गोळ्या, साखर,
बोटांच्या पेरांना सूज.
डॉक्टर म्हणतात, मीठ कमी करा.
केलं.
तरी रस्त्यावरून ट्रक गेला की
कपाटातल्या बशा वाजायच्या आत
मी दाराच्या चौकटीत उभी असते.

समाजकल्याणला दोन पत्रं लिहिली.
दुसऱ्याची पोच आली.

तोवर ह्राचचा बाक हलवला,
पाठ भिंतीला, तोंड दाराकडे.
शिपाई वार्दगेसने घंटेच्या जिभेला
लोकरीचा मोजा चढवला. का, ते विचारलं नाही.
"लाडावून ठेवा," तोनोयान सर म्हणाले.

दोन आठवडे काहीच झालं नाही.
तिसऱ्यात त्याने एकाचं नाक फोडलं.

आज चौथ्या तासाला
मुलं एका सुरात म्हणत होती,
सात त्रिक एकवीस, सात चोक अठ्ठावीस,
आणि ह्राचचं डोकं वहीवर टेकलं.
तोंड उघडं. लाळेने साताचा आकडा फुगला.
बाहेरून ट्रक गेला.
माझे पाय चौकटीकडे निघाले.
तो हलला नाही.

मी ओठांवर बोट ठेवलं.
सगळ्यांनी पुढचं कुजबुजत म्हटलं,
सात पंचे पस्तीस,
सात सक बेचाळीस.

दोन वाजता शाळा सुटेल.
कुलूप आहे तिथेच आहे.
तोवर
साती साती,
हळू.